वहीत १५ लाख, कायद्यात २०: ताडोब्याच्या बफरमधल्या एका होमस्टेचं जीएसटी प्रकरण

चंद्रपूर जिल्ह्यात ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पाच्या बफरमधलं एक गाव. रस्त्याकडेला जुनं घर, मागच्या वाड्यात नव्याने बांधलेल्या चार खोल्या, दारात एक जिप्सी. खोल्या दोन बुकिंग ॲपवर लावलेल्या. काही पाहुणे मागच्या वर्षीच्या ओळखीने थेट फोन करून येतात. हे प्रकरण अशा घराच्या २०२५-२६ या आर्थिक वर्षाचं आहे. ते नमुन्याचं आहे, आणि आकडेमोड समजायला सोपी जावी म्हणून खोलीचं भाडं वर्षभर एकच धरलं आहे. घोळ मात्र जसे होतात तसेच ठेवले आहेत. मोहर्लीपासून कोलाऱ्यापर्यंत, आणि तिकडे चिखलदऱ्याला किंवा नागझिऱ्यालाही ते थोड्याफार फरकाने असेच होतात.

गावात अजूनही याला ‘सेल टॅक्स’ म्हणतात. १ जुलै २०१७ ला व्हॅट, सेवाकर आणि लॉजवाल्यांना माहीत असलेला विलास कर हे सगळे जीएसटीत गेले. त्यामुळे खोलीभाड्यावरचा प्रश्न आता एकच उरतो: पाहुण्याकडून घेतलेला कर सरकारकडे कोणी भरायचा, ॲपने की घरमालकाने?

उत्तर केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम ९(५) मध्ये आहे. हॉटेल, गेस्ट हाऊस, कॅम्पसाइट किंवा राहण्याच्या सोयीची व्यावसायिक जागा ॲपवरून दिली, आणि देणारा कलम २२(१) खाली नोंदणीला पात्र नसेल, म्हणजे नोंदणी त्याला बंधनकारक नसेल, तर कर ॲपने भरायचा. घरमालक पात्र झाला की त्याच खोलीचा कर तो स्वतः भरतो, आणि ॲप त्याच्या रकमेतून टीसीएस, म्हणजे जीएसटीपोटी आगाऊ घेतलेला छोटा हिस्सा, कापतं. पात्रतेची रेघ सेवा देणाऱ्यासाठी महाराष्ट्रात २० लाख रुपये वार्षिक उलाढालीची आहे. ‘ॲपवर माल-सेवा विकली की नोंदणी सक्तीची’ असं बरेच जण सांगतात. कलम २४ मध्ये तसं आहेही, पण ९(५) मधल्या सेवा त्यातून मुळातच वगळल्या आहेत, आणि १५ नोव्हेंबर २०१७ च्या अधिसूचनेने २० लाखांच्या आतल्या इतर सेवा देणाऱ्यांनाही सूट दिली. म्हणजे चार खोल्यांच्या घराला पहिल्या दिवसापासून जीएसटी नंबर घ्यायची गरज नव्हती. गरज होती ती रेघेवर लक्ष ठेवण्याची, आणि तिथेच चूक झाली.

घरमालकाचा हिशोब कसा चुकला

घरमालकाची वही नीट होती. तारीखवार नोंदी, खाडाखोड नाही. १० जानेवारी २०२६ ला त्याने एप्रिल ते डिसेंबरची बेरीज केली: ॲपकडून बँकेत आलेले १०,६३,९७४ रुपये, थेट पाहुण्यांच्या ७० रात्रींचे २,८०० च्या दराने १,९६,००० आणि वेगळ्या विकलेल्या ९०० थाळ्यांचे २५० प्रमाणे २,२५,०००. एकूण १४,८४,९७४. २० लाखांना अजून पाच लाख बाकी आहेत, म्हणून तो निर्धास्त होता.

पहिली चूक ॲपच्या रकमेत. बँकेत येतो तो कापाकापीनंतरचा पैसा. पाहुण्याने एका रात्रीचे ३,२०० रुपये दिले (कर वेगळा). ॲपने १५ टक्के कमिशन म्हणजे ४८० घेतले, कमिशनवर १८ टक्के जीएसटी म्हणजे ८६.४० घेतला, आणि खात्यात २,६३३.६० टाकले. (वर्षाला पाच लाखांच्या वर गेल्यावर प्राप्तिकराचा ०.१ टक्का टीडीएस म्हणून आणखी ३.२० जातात. ते प्राप्तिकराचं विवरणपत्र भरताना परत जमेस धरता येतात. सोपेपणासाठी वरच्या बँकेच्या बेरजेत ते वजा केलेले नाहीत.) उलाढाल मोजायची ती ३,२०० ची, २,६३३.६० ची नाही. कमिशन हा घरमालकाचा खर्च आहे. तो त्याच्या हातात येण्याआधीच कापला गेला तरी उलाढाल घटत नाही. नऊ महिन्यांत ॲपवरून ४०४ रात्री गेल्या होत्या. ४०४ गुणिले ३,२०० म्हणजे १२,९२,८००. पासबुकात २,२८,८२६ रुपये कमी दिसत होते ते यामुळे.

दुसरी चूक जिप्सीची. ती खोल्यांच्या वहीत नव्हतीच, तिची वेगळी लाल डायरी. ९५ फेऱ्या, फेरीमागे २,७०० भाडं, म्हणजे २,५६,५००. व्याघ्र प्रकल्पाच्या प्रवेश शुल्काला जीएसटीतून सूट आहे हे खरं, म्हणून ‘सफारीवर कर नाही’ असं गेटवर सर्रास ऐकायला मिळतं. ती सूट प्रवेशाला आहे. चालकासह गाडी भाड्याने देणं ही वेगळी, करपात्र सेवा आहे. पॅन एकच असेल तर सगळी उलाढाल एकत्र मोजली जाते, मग धंदे चार का असेनात.

तिसरी चूक सगळ्यात लहान, पण समजायला सगळ्यात अवघड. घराच्या मागच्या दोन जुन्या खोल्या मास्तरांना आणि एका वनरक्षकाला महिन्याने दिलेल्या, प्रत्येकी २,५०० ने. राहण्यासाठी दिलेल्या घराच्या अशा भाड्यावर कर लागत नाही. तरीही कायद्याच्या व्याख्येत एकूण उलाढालीत करमुक्त सेवाही धरायची असते. नऊ महिन्यांचे ४५,००० त्यातही जमा झाले.

आता बेरीज: १२,९२,८०० + १,९६,००० + २,२५,००० + २,५६,५०० + ४५,००० = २०,१५,३००.

आता रेघ नेमकी कोणत्या दिवशी ओलांडली ते शोधायचं. ३१ डिसेंबरला चारही खोल्या भरलेल्या होत्या (१२,८००), आठ थाळ्या (२,०००) आणि सकाळ-दुपार मिळून दोन फेऱ्या (५,४००). त्या एका दिवसाचे २०,२०० वजा केले तर ३० डिसेंबरच्या रात्री आकडा १९,९५,१०० होता. म्हणजे घरमालक नोंदणीला पात्र झाला तो वर्षाच्या शेवटच्या दिवशी, अंगणात शेकोटी पेटलेली असताना. तिथून ३० दिवसांत, म्हणजे ३० जानेवारीपर्यंत अर्ज करणं भाग होतं. वही उघडली तेव्हा वीस दिवस हातात होते. हा निव्वळ नशिबाचा भाग. हीच बेरीज मार्चअखेर केली असती तर मुदत दोन महिन्यांपूर्वीच संपलेली असती, आणि नोंदणी न केल्याचा दंड, १०,००० रुपये किंवा बुडालेल्या कराइतका, यांतला जो मोठा तो, कलम १२२ खाली मागता आला असता.

गावातल्या दोन समजुतींचा खुलासा इथेच करावा लागेल. एक, ‘हजाराच्या आतल्या खोलीला कर नाही.’ ही सूट १८ जुलै २०२२ ला संपली. दोन, ‘घर रहिवासी आहे, ग्रामपंचायतीत रहिवासी म्हणूनच नोंद आहे, म्हणून कर नाही.’ सूट घराच्या नोंदीला नसते, वापराला असते. मास्तर महिन्याने राहतात तिथे ती आहे, पर्यटक रात्रीने राहतात तिथे नाही.

अर्ज आणि अडकलेलं वीजबिल

१२ जानेवारीला आरईजी-०१ अर्ज भरला गेला, तालुक्याच्या सेवा केंद्रातून. पॅन, आधार पडताळणी, फोटो आणि जागेचा पुरावा एवढंच लागतं. खेड्यात अर्ज अडतो तो नेहमी या शेवटच्या गोष्टीवर.

घर गावठाणात असेल तर सातबारा चालत नाही. सातबारा शेतजमिनीचा. तलाठ्याकडचा ८-अ हाही जमिनीच्या खात्याचा उतारा आहे. घरासाठी हवा असतो ग्रामपंचायतीचा नमुना ८, म्हणजे घरपट्टीच्या आकारणीचा उतारा. दोन्हींत ‘आठ’ असल्याने लोक ८-अ जोडून मोकळे होतात. या प्रकरणात नमुना ८ बरोबर जोडला होता, वडिलांच्या नावाचा. पण वीजबिल आजोबांच्या नावाचं, आणि आजोबा जाऊन बरीच वर्षं झालेली. घरमालकाचं स्वतःचं नाव दोन्हींवर नाही. वडिलांचं संमतीपत्र जोडलेलं नव्हतं. २० जानेवारीला आरईजी-०३ नोटीस आली: जागेच्या हक्काचा पुरावा स्पष्ट करा.

नोटिशीला सात कामकाजाच्या दिवसांत आरईजी-०४ मध्ये उत्तर द्यावं लागतं, नाहीतर अर्ज फेटाळला जातो. ती पोस्टाने येत नाही. पोर्टलवर येते आणि अर्जात दिलेल्या ईमेलवर येते, आणि इथे अर्जात ईमेल सेवा केंद्राचा होता. केंद्रचालकाने २४ तारखेला फोन केला म्हणून कळलं. ही चूक टाळायला खर्च शून्य आहे: मोबाइल आणि ईमेल दोन्ही स्वतःचे द्या, भाच्याचे नाही, केंद्राचे नाही, हिशोबनिसाचेही नाही. पुढे प्रत्येक विवरणपत्राला ओटीपी त्याच नंबरवर जाणार आहे.

उत्तरात चार कागद गेले: वडिलांचं संमतीपत्र, त्यांच्या आधारची प्रत, नमुना ८, आणि वीजबिलावरचा ग्राहक हा वडिलांचा बाप असल्याचा ग्रामपंचायतीचा दाखला, आजोबांच्या मृत्यू दाखल्यासह. २७ जानेवारीला उत्तर, २ फेब्रुवारीला नोंदणी मंजूर. अर्ज ३० दिवसांच्या आत असल्याने नोंदणीची प्रभावी तारीख ३१ डिसेंबर २०२५ लागली.

१ नोव्हेंबर २०२५ पासून नियम १४-अ प्रमाणे एक जलद रस्ताही आहे. नोंदणीकृत ग्राहकांना दिलेल्या सेवेवरचा कर महिन्याला अडीच लाखांच्या वर जाणार नाही असं जाहीर करणाऱ्याला, आधार पडताळणीनंतर तीन कामकाजाच्या दिवसांत नंबर मिळतो. चार खोल्यांच्या घराचा असा कर अडीच लाखांच्या जवळपासही जात नाही. अर्जात तो पर्याय निवडलाच गेला नाही. केंद्रातल्या मुलाला दोष देण्यात अर्थ नाही, पण अर्ज भरणाऱ्याने ती ओळ स्वतः पाहायला हवी होती.

नंबर आला की दोन गोष्टी लगेच उरतात. बँक खात्याचा तपशील पोर्टलवर ३० दिवसांच्या आत, किंवा पहिलं जीएसटीआर-१ (विक्रीचं विवरणपत्र) भरण्याआधी, यांतलं जे आधी ते. आणि व्यवसाय कराची नावनोंदणी, वर्षाला २,५०० रुपये. हा दुसरा खर्च कोणी सांगत नाही आणि मग थकबाकीसह एकदम अंगावर येतो.

मधले तेहतीस दिवस

३१ डिसेंबर ते १ फेब्रुवारी. कायद्याने घरमालक पात्र झालेला, पण हातात नंबर नाही. ॲपला काहीच माहीत नाही, म्हणून ॲप पूर्वीप्रमाणे ९(५) खाली खोल्यांचा कर पाहुण्याकडून घेऊन भरत राहिलं. या प्रकरणातली सगळ्यात नाजूक गाठ हीच आहे.

थेट धंद्याचं सोपं आहे. त्या दिवसांत १४ थेट रात्रींचे ३९,२००, १४० थाळ्यांचे ३५,००० आणि १६ फेऱ्यांचे ४३,२०० मिळून १,१७,४०० रुपये घेतले होते, कर न लावता. कर द्यावाच लागतो. पाहुणे गेले, आता मागणार कोणाकडे? अशा वेळी घेतलेली रक्कम करासहित धरून ५/१०५ ने कर काढता येतो: ५,५९० रुपये. ते घरमालकाच्या खिशातून गेले. कलम ४० प्रमाणे या मधल्या काळाची विक्री नोंदणीनंतरच्या पहिल्या विवरणपत्रात दाखवायची असते, आणि प्रमाणपत्र मिळाल्यापासून एका महिन्यात त्या काळाची सुधारित बिलं करता येतात. नोंदणी नसलेल्या पाहुण्यांसाठी एकत्रित बिलही चालतं.

ॲपवरच्या खोल्यांचं मात्र तसं नाही. कायद्याचं अक्षर पाहिलं तर ३१ डिसेंबरपासून ती जबाबदारी घरमालकाची होती, आणि कर मात्र ॲपने स्वतःच्या नावाने भरला. सरकारकडे पैसा तेवढाच गेला, पाच टक्केच. पण भरणारा चुकीचा. इथे करायचं ते हे: दोन्ही ॲपकडून त्या काळाचं बुकिंगवार विवरण काढा, ज्यात पाहुण्याकडून घेतलेला कर आणि तो ९(५) खाली भरल्याचा उल्लेख असेल. नोंदणीची तारीख ॲपला लेखी कळवा आणि पोच जपा. तो कर पुन्हा भरायचा की नाही याचं लेखी मत करसल्लागाराकडून घेऊन त्याच फाइलीत ठेवा. तोंडी ‘काही होत नाही’ वर हे सोडू नका. तपासणी दोन-तीन वर्षांनी येते, तेव्हा ॲपवरचं जुनं विवरण मिळेलच असं नाही.

हे दिवस टाळता आले असते का? हो. नोव्हेंबरअखेर बेरीज केली असती तर आकडा १७ लाखांच्या आसपास दिसला असता, आणि डिसेंबरचं बुकिंग समोर होतंच. तेव्हाच स्वेच्छेने अर्ज केला असता तर ३१ तारखेला नंबर हातात असता. यात एक बारकावा आहे आणि तो फार कमी जणांना ठाऊक असतो. ९(५) ची अट ‘नोंदणी आहे का’ अशी नाही, ‘२२(१) खाली नोंदणीला पात्र आहे का’ अशी आहे. स्वेच्छेने आधी नंबर घेतलेला घरमालक २० लाख ओलांडेपर्यंत पात्र ठरत नाही, म्हणून तोपर्यंत ॲपवरच्या खोल्यांचा कर ॲपच भरतं, आणि घरमालक ती विक्री जीएसटीआर-१ च्या तक्ता १४(ब) मध्ये आणि जीएसटीआर-३बी (कर भरण्याचं विवरणपत्र) च्या ३.१.१ मध्ये फक्त दाखवतो. रेघ ओलांडल्याच्या दिवशी ॲपवरची स्थिती बदलायची. थेट पाहुण्यांना मात्र नंबर मिळाल्या दिवसापासून कर लावायचा.

१४४ रुपये जास्त का आले

२ फेब्रुवारीला रात्री दोन्ही ॲपवर जीएसटी नंबर टाकला. पाहुण्याला काहीच फरक दिसला नाही. आधीही ३,२०० वर पाच टक्के, म्हणजे ३,३६० देत होता, आताही ३,३६०. (२२ सप्टेंबर २०२५ पूर्वी ७,५०० पर्यंतच्या खोलीला १२ टक्के होते. त्या दिवसापासून पाच. ७,५०० च्या वर १८.) फरक पडला तो बँकेत. टीडीएस कापून आधी २,६३०.४० येत होते, आता २,७७४.४० येऊ लागले. एका रात्रीमागे १४४ जास्त.

घरमालकाला वाटलं कमिशन कमी झालं. तसं नव्हतं. पाहुण्याचा १६० रुपये कर पूर्वी ॲप स्वतः भरत होतं, आता तो घरमालकाकडे येत होता. त्यातून ॲपने ३,२०० च्या अर्धा टक्का टीसीएस म्हणजे १६ रुपये कापले (१० जुलै २०२४ पूर्वी हा दर एक टक्का होता), आणि उरलेले १४४ खात्यात पडले. हे १४४ घरमालकाचे नाहीत, सरकारचे आहेत. पन्नास रात्रींचा महिना झाला की ७,२०० होतात, आणि नवी गादी, पाण्याची मोटर, जिप्सीचे टायर यांत ते कधी विरघळले कळतही नाही. तिमाही संपली की भरायला पैसे नसतात. म्हणून दुसरं बचत खातं उघडून दर आठवड्याला कराची रक्कम तिकडे वळती करायची. एवढी एक सवय लागली तरी पुढची निम्मी अडचण येत नाही.

सगळी ॲप कर वेगळा दाखवत नाहीत. काहींवर टाकलेला दर करासहितच धरला जातो. तसं असेल तर ३,२०० मधले १५२.३८ कराचे निघतात आणि घरमालकाचं उत्पन्न तेवढं घटतं. नंबर टाकल्यानंतरचं पहिलं विवरण उघडून कराचा रकाना आहे का ते पाहा. नसेल तर दर वाढवा.

दुसरी गोष्ट तपासायची ती कमिशनच्या बिलावरचा पत्ता. बिल भारतातल्या कंपनीचं असेल आणि त्यावर तिचा जीएसटी नंबर असेल तर ठीक. बिल परदेशातल्या कंपनीचं असेल, तर नोंदणीनंतर कमिशनवरचा १८ टक्के कर घरमालकाने रिव्हर्स चार्जने स्वतः रोखीत भरायचा. पाच टक्क्यांच्या दरात खरेदीवरच्या कराची वजावट मिळत नाही, त्यामुळे हा पैसा परत येत नाही. कमिशनवरचे ८६.४०, एसीवरचा कर, गाद्यांवरचा कर, यांतलं काहीच वजा होत नाही. दर ठरवताना हे सगळं खर्चात धरा.

‘कंपोझिशन (लहान धंद्यांसाठी उलाढालीवर ठरावीक दराने कर भरायची योजना) घ्या, कटकट नाही’ असा सल्ला तालुक्याला हमखास मिळतो. ॲपवरून सेवा देणाऱ्याला ती योजना बंद आहे. शिवाय तिचा सेवांसाठीचा दर सहा टक्के, इथला पाच.

बिलात काय लिहायचं

खोलीचं बिल ९९६३ या सेवासंकेताखाली, सलग क्रमांकाने. कर नेहमी केंद्राचा अडीच आणि राज्याचा अडीच. पाहुणा हैदराबादचा असो की रायपूरचा, राहण्याच्या सेवेचं ठिकाण म्हणजे जिथे घर आहे ते, आणि घर महाराष्ट्रात आहे. पाहुण्याच्या कंपनीचा तेलंगणाचा जीएसटी नंबर पाहून आयजीएसटी (आंतरराज्य विक्रीवरचा कर) लावला तर ती चूक होते: बरोबर कर पुन्हा भरावा लागतो आणि चुकीचा परत मागावा लागतो. त्या कंपनीला महाराष्ट्राच्या कराची वजावट तिच्या राज्यात मिळत नाही. ती नाराज झाली तरी बिल बदलायचं नाही.

भाड्यात नाश्ता धरलेला असेल तर पोहे आणि चहा खोलीच्याच बिलात जातात, कारण मुख्य सेवा राहण्याची. रात्रीची वेगळी थाळी, मग ती भाकरी-भरताची असो की कोंबडीच्या रश्शाची, वेगळ्या ओळीत पाच टक्क्यांनी. जिप्सीचं इंधनासह भाडं वेगळ्या ओळीत, पाच टक्क्यांनी.

आणि परमिटचे पैसे. पाहुणा म्हणतो, ‘भाऊ, सफारी तुम्हीच काढून ठेवा,’ आणि दहा-बारा हजार यूपीआय करतो. घरमालक वन विभागाच्या संकेतस्थळावर बुकिंग करतो. हे पैसे उलाढालीत धरायचे नसतील तर नियम ३३ मधल्या ‘प्युअर एजंट’च्या अटी पाळाव्या लागतात: पाहुण्याने तसं सांगितल्याचा पुरावा (व्हॉट्सॲपचा संदेश जपून ठेवावा), बिलात ही रक्कम वेगळ्या ओळीत, आणि वन विभागाला दिले तितकेच पैसे, वर एक रुपयाही नाही. ‘सफारी पॅकेज १५,०००’ असं एकत्र लिहिलं की सगळी रक्कम घरमालकाची विक्री होते. या प्रकरणात सुदैवाने पाहुण्यांनी परमिट स्वतःच काढले होते. नाहीतर २० लाखांची रेघ दिवाळीतच ओलांडली असती.

मार्चचा एक महिना

मार्च २०२६ चा हिशोब असा. ॲपवरून ५० रात्री, १,६०,००० रुपये, कर ८,०००. थेट आठ रात्री, २२,४००, कर १,१२०. थाळ्या ९६, २४,०००, कर १,२००. जिप्सीच्या ११ फेऱ्या, २९,७००, कर १,४८५. मागच्या खोल्यांचं ५,००० भाडं करमुक्त म्हणून वेगळं दाखवायचं. एकूण कर ११,८०५, निम्मा केंद्राचा, निम्मा राज्याचा. टीसीएस ८०० वजा जाता रोख भरायचे ११,००५.

हे ८०० आपोआप वजा होत नाहीत. ॲप पुढच्या महिन्याच्या १० तारखेपर्यंत जीएसटीआर-८ हे टीसीएसचं विवरणपत्र भरतं, त्यानंतर पोर्टलवर ‘टीडीएस-टीसीएस क्रेडिट’च्या अर्जात ती रक्कम दिसते. आकडा आपल्या वहीशी ताडून स्वीकारला आणि अर्ज भरला, की ती रोख खात्यात जमा होते. दोन ॲप असतील तर दोन ओळी येतात. आकडा जुळत नसेल तर बहुधा रद्द झालेलं बुकिंग कारण असतं. ते ॲपच्या विवरणात शोधायचं.

पाच कोटींच्या आतल्यांना तिमाही पद्धत निवडता येते: तिमाहीच्या पहिल्या दोन महिन्यांचा कर त्या-त्या महिन्यानंतरच्या २५ तारखेपर्यंत पीएमटी-०६ चलनाने, तिसऱ्या महिन्याचा ३बी बरोबर, जीएसटीआर-१ तिमाहीनंतर १३ तारखेला, ३बी महाराष्ट्रात २२ तारखेला. ॲपवरची विक्री आता १४(अ) मध्ये, कारण तिच्यावर टीसीएस कापला गेला आहे. चुकून १४(ब) मध्ये टाकली तर आपण भरायचा कर ॲपच्या नावावर दिसतो, आणि जुळणी बिघडते.

जिप्सी भावाच्या नावावर करून उलाढाल रेघेखाली आणायची का, हा प्रश्न मार्चमध्येच निघाला. गाडी खरोखर भावाने घेतली, कर्ज तो फेडतो, भाडं त्याच्या खात्यात जातं, असं असेल तर ते उत्पन्न त्याचंच आहे, आणि ते आधीपासून त्याच्या नावावर दाखवायला हवं होतं. फक्त आरसी बदलून पैसे याच घरात येणार असतील तर करू नये. वन विभागाच्या गेटवरची नोंद, विमा, यूपीआयचे क्यूआर, सगळीकडे एकच माणूस सापडतो.

१ जुलै ते ३० सप्टेंबर गाभ्याचे गेट बंद असतात. बफरमध्ये सफारी चालते, पण पाहुणे तुरळक. अनेक घरं त्या तीन महिन्यांत कुलूपबंद असतात आणि विवरणपत्रही विसरलं जातं. विक्री शून्य असली तरी ते भरावंच लागतं. शून्याच्या विवरणपत्राला उशिराचे दिवसाला २० रुपये, विक्री असेल तर ५०, आणि कर थकला तर वर्षाला १८ टक्के व्याज. सलग दोन तिमाही विवरण भरलं नाही तर नोंदणीच रद्द होऊ शकते, आणि हे घडतं ते बहुधा ऑक्टोबरमध्ये, हंगाम उघडायच्या वेळी. शून्याचं ३बी मोबाइलवरून एसएमएसने भरता येतं. धानाच्या रोवणीच्या दिवसांत तालुक्याला खेप मारायची गरज नाही.

पुढच्या वर्षी उलाढाल २० लाखांच्या खाली राहिली तर नोंदणी रद्द करण्याचा अर्ज करता येतो. त्यानंतर तीन महिन्यांत जीएसटीआर-१० हे अंतिम विवरणपत्र, आणि ज्या तारखेपासून नोंदणी रद्द त्या तारखेपासून ॲपवरचा नंबर काढलेला असला पाहिजे. तो तसाच राहिला तर ॲप पाहुण्याचा कर घरमालकाला देत राहतं, घरमालकाला तो भरायला खातं नसतं, आणि नंबर नसताना घेतलेला कर हाही कायद्याने सरकारकडे भरायचाच असतो. चिठ्ठी लिहून ती ॲपच्या पासवर्डबरोबर ठेवलेली बरी.